तिथी, तारीख आणि पंधरा दिवस

पुण्यातल्या पेठेत कुठल्याही गणेश मंडळाच्या खोलीत जा, भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यावर पेनाच्या खुणा. मांडवाच्या परवानगीचा अर्ज कधी टाकायचा, वर्गणीची पावतीपुस्तकं कधी वाटायची, ढोल पथकाचा नदीपात्रातला सराव कधी सुरू करायचा. चौकोनात ठळक आकडा तारखेचा, त्याखाली बारीक अक्षरात तिथी. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयानं ही जोडी घराघरांत नेली. पण खुणा करणाऱ्याचा घोळ होतो तो याच दोन ओळींत. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसले, २०२५ साली २७ ऑगस्टला, आणि २०२६ ची चतुर्थी आहे १४ सप्टेंबरला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकरा दिवस मागे येतात. मग अधिक महिना पडला की एकदम पुढे जातात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे.

राज्याचं वर्षभराचं उत्सव-क्रीडा-सांस्कृतिक वेळापत्रक म्हटलं की मंत्रालयातली बैठक डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्या वेळापत्रकाचा बराच भाग सरकारच्या हाती येण्याआधीच भरलेला होता, आणि तो भरणाऱ्यांत पुण्याचे लोक बरेच होते.

पेशवाईत वर्ष आखायचं ते पंचांगानं. शनिवारवाड्यातला गणपती भाद्रपदात, पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा श्रावणात. कंपनी सरकार आल्यावर या दक्षिणेचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. तो पैसा हळूहळू शिक्षणाकडे वळला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा त्यातूनच चालली. श्रावणातल्या एका प्रघाताची बारमाही संस्था झाली, असं म्हणता येईल.

तारखेनं चालणारा पहिला मोठा सार्वजनिक उपक्रम म्हणजे वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं ती १८७५ मध्ये सुरू झाली. आजही वक्तृत्वोत्तेजक सभा ती २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर चालवते. नाव ऋतूचं, पण हिशेब इंग्रजी महिन्यांचा. कॉलेजं आणि कचेऱ्या ज्या वेळापत्रकानं चालत, त्यालाच ही माला बांधली गेली. १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांचं संमेलन पुण्यातच मे महिन्यात भरवलं. साहित्य संमेलनांची परंपरा तिथून मोजतात.

सार्वजनिक गणेशोत्सवाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, निदान प्रत्येकाला आपली आवृत्ती तरी ठाऊक असते. भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा, लोकमान्यांचा पुढाकार त्यानंतरचा. आरंभ कोणाचा यावरून २०१७ साली, महापालिकेनं उत्सवाचं शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष साजरं केलं तेव्हा, पुन्हा खडाजंगी झाली. नियोजनाच्या दृष्टीनं मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तोवर पुण्याच्या रस्त्यावरची मोठी मिरवणूक मोहरमच्या ताबुतांची असे आणि तिच्यात हिंदूही हौसेनं सामील होत. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर ते चित्र पालटलं आणि घरातला गणपती रस्त्यावर आला. तो आला तसा विसर्जनाला आधी कोण, हा वादही आला. टिळकांनी ग्रामदैवत म्हणून कसब्याला पहिला मान दिला, ग्रामदेवता म्हणून तांबडी जोगेश्वरीला दुसरा. पुढे गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. चोवीस तास ओलांडणाऱ्या आजच्या मिरवणुकीची सुरुवात याच क्रमानं होते. बंदोबस्त, वाहतुकीतले बदल, सगळं त्यावरून ठरतं. इतकं जुनं आणि अजून चालू असलेलं वेळापत्रक राज्यात फार नसेल.

शिवजयंतीत मात्र तिथी-तारखेचं भांडण उघड्यावर आलं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. टिळकांनी १८९५ पासून रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभी केली आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. पण जन्मतिथी कोणती? वैशाख शुद्ध द्वितीया की फाल्गुन वद्य तृतीया? संशोधकांचा हा वाद अनेक दशकं चालला. शेवटी राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी ही तारीख धरली. तरी तिथीनुसार जयंती करणारे आहेतच, त्यामुळे एकाच राजाच्या मिरवणुकीसाठी पोलिसांना दोनदा बंदोबस्त लावावा लागतो. डॉ. आंबेडकरांच्या जयंतीत हा प्रश्नच आला नाही. १९२८ मध्ये जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात ती सार्वजनिकरीत्या साजरी केली तेव्हापासून १४ एप्रिल म्हणजे १४ एप्रिल.

खेळाचं वेळापत्रकही आधी संस्थांनीच आखलं. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. खो-खोचे नियम तिथेच लिहिले गेले. कुस्तीला जत्रेचं वर्ष असे. गावची यात्रा ज्या तिथीला, त्या दिवशी फड. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा या फडाला जिल्हा, निवड, वजनगट अशी राज्याची चौकट मिळाली.

१ मे १९६० नंतर राज्य सरकार या कामात नीट उतरलं. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ आलं. हौशी नाट्यस्पर्धा केंद्राकेंद्रांवर होऊ लागल्या, शालेय खेळांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड बसली. सरकारला तारीख लागते, कारण तरतूद आर्थिक वर्षावर पडते. मार्चअखेरच्या आत पैसा खर्ची पडायला हवा, म्हणून सरकारी महोत्सवांची दाटी जानेवारीपासून मार्चपर्यंत. तेव्हाच बारावीची परीक्षा. मैदानं शाळांची, सभागृहं शाळांची, आणि प्रेक्षक अभ्यासाला बसलेले! पुढे जे दिवस सरकारनं स्वतः नेमले तेही तारखेचेच: २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन.

पावसाळ्यात खरी कोंडी होते. शालेय स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिका, ढोलाचा सराव आणि सहामाही परीक्षा, सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात एकमेकांच्या पायात येतं. पुरुषोत्तम १९६३ पासून चालू आहे. संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात भूमिका असलेला मुलगा रात्री नदीपात्रात ताशावर असतो, हे पुण्यात नवल नाही. त्याची हजेरी कशी लागते ते कॉलेजनं पाहावं.

बांधकामांचाही इतिहास याच पार्श्वभूमीत येतो. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१९ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथेच झाल्या. १९८३ पासूनची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरात, १९८९ पासूनचा पुणे फेस्टिव्हल गणपतीत, २००२ पासूनचा चित्रपट महोत्सव साधारण जानेवारीत. मोकळा आठवडा असा उरलाच नाही.

मग आला आवाजाचा कायदा, आणि माझ्या मते आजच्या वर्षाचा खरा सांगाडा तोच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. २००२ च्या दुरुस्तीनं राज्याला मुभा दिली की सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येईल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद ग्राह्य धरली. तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांची पंधरा दिवसांची यादी निघते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपतीतले चार-पाच दिवस, नवरात्र, दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर. एखाद-दोन दिवस हातचे राखलेले. तीनशे पासष्टातून पंधरा काढायचे तर कोण मोठं आणि कोण धाकटं हे कागदावर लिहावंच लागतं. संस्कृतीवरच्या परिसंवादात जे कोणी बोलत नाही ते त्या एका पानावर दिसतं.

याचा फटका सवाई गंधर्व महोत्सवाला बसला. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव रात्रभर चाले. रमणबागेत शालीत गुरफटून, मध्यरात्रीचा दरबारी राग झाल्यावर पहाटेच्या ललतची वाट पाहत बसलेले लोक अजून भेटतात. दहाची वेळ आली आणि बैठका दुपारकडे सरकल्या. दिवस वाढले, रात्र गेली. शनिवारी बारापर्यंतची परवानगी असते तेवढीच. एक मात्र झालं. भीमपलास, मुलतानी असे दुपारचे राग आता त्यांच्या खऱ्या वेळेला मोठ्या मांडवात ऐकायला मिळतात.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याचं जाहीर केलं. मंडळाच्या खोलीत त्याचा अर्थ लावताना पहिला प्रश्न ध्वनिक्षेपकाच्या दिवसांचाच निघतो.

या सगळ्यात एक कार्यक्रम असा आहे की त्याची तारीख कोणी ठरवत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. पुण्यात दोन रात्री मुक्काम, एकीचा निवडुंग्या विठोबापाशी, दुसरीचा पालखी विठोबापाशी. त्या दिवसांत शहरातले रस्ते वळवले जातात, हॉल रिकामे राहतात, नाटकवालेही प्रयोग लावताना दहादा विचार करतात. २०२५ मध्ये पालख्या जूनमध्ये आल्या. अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये त्या जुलैत आहेत, म्हणजे शाळा पुरत्या सुरू झाल्यावर. कॅलेंडरवर खुणा करणारा पेनानं आधी तेवढे चौकोन काळे करतो, मग उरलेल्यांकडे वळतो.