हलगी आधी का लेझीम आधी?

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. १७ सप्टेंबर जवळ आलाय, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की सहावी-सातवीची लेकरं लेझीम खेळणार, म्हणून रोज शेवटचे दोन तास मैदानावर सराव. एका पालकानं लिहिलं, अभ्यास सोडून हे काय नाचायलेत, चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी जूनपासूनच घेतलाय तसा हाही घ्या म्हणावं. आता आपलं लातूर हाय, इथं पोरगं सहावीत गेलं की घरात नीटच्या फाउंडेशनची चर्चा सुरू होते, त्यामुळं धडाधड अंगठे पडले. मग एका ताईनं लेझीमच्या बाजूनं फॉरवर्ड टाकला, संगीतानं मुलांचा बुद्ध्यांक वाढतो, उजवा मेंदू जागा होतो वगैरे.

मला दोन्ही पटलं नाही. आणि खरं सांगू का, दुसरं जास्त खटकलं, कारण ते आपल्याच बाजूचं होतं.

बुद्ध्यांकाची ही गोष्ट निघाली १९९३ च्या एका प्रयोगातून. कॅलिफोर्नियात कॉलेजच्या ३६ पोरांना १० मिनिटं मोझार्ट ह्या युरोपातल्या जुन्या संगीतकाराचं संगीत ऐकवलं आणि लगेच कागदाच्या घड्या डोक्यात उलगडायची कोडी दिली, तर ती जरा बरी सुटली. परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. बस्स एवढंच. लहान लेकरांवर तो प्रयोग नव्हताच, तरी त्याच्यावर बाळांच्या सीड्या निघाल्या, आणि आपल्याकडं गर्भसंस्काराच्या दुकानदारीलाही आयताच 'विज्ञानाचा' शिक्का मिळाला. उजव्या मेंदूचंही तेच. मेंदूचे संशोधक रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते फेफऱ्यासाठी मेंदूचे दोन भाग जोडणारी पट्टीच कापलेल्या पेशंटवरच्या कामातून, तुमच्या-आमच्या लेकरांची पट्टी शाबूत आहे. २०१३ मध्ये १०११ जणांचे स्कॅन तपासले, त्यात कुणी डाव्या मेंदूचा, कुणी उजव्या मेंदूचा असं काही दिसलं नाही. आणि २०२० मध्ये ५४ अभ्यास, जवळपास ७००० मुलं एकत्र धरून बघितलं की गाणं-वाजवणं शिकल्यानं गणित, वाचन, बुद्ध्यांक वाढतो का. जिथं तुलना नुसत्या रिकाम्या बसलेल्या पोरांशी न करता दुसरं काहीतरी शिकणाऱ्या पोरांशी केली होती, तिथं फायदा जवळजवळ शून्य निघाला. मेंदूचा मधला भाग जागा करतो म्हणून क्लास चालवणारे आणि पोराच्या डोळ्याला पट्टी बांधून त्याच्याकडून वाचून दाखवणारे 'मिडब्रेन'वाले तर सोडूनच द्या, ते पोरगं नाकाजवळच्या फटीतून बघत असतं, हनुवटीखाली एक ताट आडवं धरा आणि मग वाच म्हणा.

मग लेझीम कशाला? तर त्यासाठी मैदानावर चला. मी परवा सुट्टी काढून लेकीला आणायला जरा लवकरच गेलो आणि तासभर बघतच बसलो.

हलगीवाले मामा मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली उभे, पीटीचे सर शिट्टी घेऊन समोर, 'चार आवाज' म्हणाले की साठ लेझमा एकदम छण्ण. आता विचार करा, हलगीची थाप कानावर पडली, ती मेंदूनं ओळखली, हाताला हुकूम गेला आणि हात हलला, ह्या सगळ्याला कमीत कमी ०.१५ सेकंद तरी लागतात. म्हणजे थाप ऐकून लेझीम वाजवायची म्हणली तर ती दरवेळी मागंच पडणार. पण पडत नाही ना! लेकरू थाप ऐकून हात हलवतच नाही, पुढची थाप कधी पडणार ते मेंदू आधीच ठरवतो आणि हाताला तेवढं आधी सोडतो. घरी करून बघा, मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं अ‍ॅप, लावा, मिनिटाला १०० ठोके ठेवा म्हणजे दोन ठोक्यांत ०.६ सेकंद, आणि टेबलावर बोट आपटा. नीट मोजलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडलेलं असतं, सेकंदाच्या काही शतांश भागांनी, आणि आपल्याला मात्र वाटतं अगदी बरोबर पडलं.

ह्याच्या पुढची गंमत मला सगळ्यात आवडते. समजा एका ठोक्याला तुमचा हात ०.०५ सेकंद उशिरा पडला. पुढच्या वेळी मेंदू तेवढी सगळी चूक भरून काढत नाही, तिचा काही भागच काढतो. का? कारण त्या चुकीत थोडा हिस्सा खरोखर ताल सरकल्याचा असतो आणि थोडा नुसता हाताच्या थरथरीचा, आणि सगळंच दुरुस्त करायला गेलं तर थरथरसुद्धा दुरुस्त होते, मग पुढच्या वेळी हात फारच आधी, त्याच्या पुढं फारच उशिरा, असं झोके खात बसायचं, नवीन माणूस सायकलचं हँडल वळवतो तसं. शिवाय ही एक दुरुस्ती आणि लयच बदलली तर करायची दुसरी दुरुस्ती, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तर आपल्याला न कळता चालते. प्रयोगात एखादा ठोका ०.०१ सेकंद सरकवला तर माणसाला ते समजत नाही, बोट मात्र पुढच्या ठोक्याला आपलं आपण सरकतं. आणि नुसतं बसून ताल ऐकला तरी मेंदूतले हालचालीचे भाग, बेसल गँग्लिया वगैरे, कामाला लागतात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, हाच भाग बिघडतो, म्हणून पाय अडखळणाऱ्या पेशंटला ठेक्यावर चालायला लावलं की बऱ्याच जणांची चाल सुधारते. (इथपर्यंत वाचलं असेल तर तुम्हाला चहा माझ्याकडून.)

मधेच सरांनी हात वर केला, मामांनी हलगी थांबवली. लेझमा मात्र अजून दोनदा वाजल्या, छण्ण, छण्ण, आणि मग पोरं खी खी करत थांबली. तो जो अंदाज म्हणतोय तो असा उघड्यावर ऐकू येतो. मोबाईल बघून हे शिकता येत नाही, कारण तालाच्या बाबतीत डोळा कानापेक्षा मठ्ठ आहे, लुकलुकणाऱ्या दिव्याबरोबर बोट आपटणं ठोक्याबरोबर आपटण्यापेक्षा बरंच अवघड जातं.

तालाचा आणि बोलण्याचाही काहीतरी संबंध आहे, आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं बोलतो आणि ऐकणाऱ्याचा मेंदू त्या लयीला धरून राहतो. २०१४ च्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांची जी लेकरं ढोलक्याबरोबर ताल धरू शकत होती त्यांना शब्दांतले आवाज वेगळे करायलाही बरं जमत होतं. पण म्हणून लेझमीनं वाचन सुधारतं असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझ्यात आणि फॉरवर्डवाल्या ताईंत फरक काय राहिला. दुसरा एक प्रयोग २०१० चा, चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून काहींना एकत्र गाणं-वाजवणं करायला लावलं, काहींना तसाच खेळ पण बिनगाण्याचा दिला. नंतर एकाच्या गोट्या सांडल्या तेव्हा गाणारी जोडीदार मंडळी मदतीला जास्त धावली. माझ्या मते सरावाला एवढं कारण भरपूर आहे, आणि हेही नसतं तरी छण्ण एकदम वाजलं की अंगावर काटा येतो, त्याला मार्कांचा दाखला कशाला पाहिजे? चित्रकलेच्या तासालाही नको, तो परत द्या म्हणून मी ग्रुपवर लिहिलंय, अजून निळी टिक नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात अडकली. पुढच्या रांगा झकास, पण लांबच्या टोकाच्या दोन रांगा सारख्या मागं पडायलेत, त्यांच्यात माझी लेक. सर ओरडायलेत, "लक्ष कुठाय!" मी पावलं मोजली, लिंबापासून शेवटच्या रांगेपर्यंत चौतीस-पस्तीस मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे त्या लेकरांना थाप ०.१ सेकंद उशिराच ऐकू येते. ती बिचारी त्यांना ऐकू आलेल्या थापेला बरोबरच वाजवायलीत! मी लगेच सरांना गाठून सगळं गणित सांगितलं, हलगी मैदानाच्या मधोमध आणा म्हणालो.

सरांनी ऐकून घेतलं. मागून मामाच बोलले, "सतरा तारखेला मधीच असतो की हो मी, आमचा बापबी मधीच उभा राहायचा. आज ऊन लागायलंय म्हणून लिंबाखाली."