हॉथॉर्न फुकट, मिलर मात्र नाही

एम.ए. इंग्रजीला 'अमेरिकन लिटरेचर'चा पेपर घेतलेल्यांना एक गोष्ट लवकरच जाणवते. हॉथॉर्न, मेल्व्हिल, व्हिटमन हे एकोणिसाव्या शतकातले लेखक नेटवर हवे तेवढे मिळतात, तेही फुकट. आर्थर मिलरचं नाटक शोधायला जावं, तर सारांश, पात्रपरिचय आणि संभाव्य प्रश्नांचा ढीग पुढ्यात येतो. मूळ नाटक काही येत नाही, निदान सरळ मार्गाने तरी. याचं कारण साहित्यात शोधू नये. ते अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात आहे.

इंटरनेटच्या आधी आपल्याकडे या विषयाचा रस्ता हैदराबादला जायचा. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथल्या ग्रंथालयासाठी देशभरातले संशोधक येत आणि टिपणांच्या वह्या भरून परतत.

फुकट पुस्तकांची सुरुवात त्यानंतर काही वर्षांनी झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट या विद्यार्थ्याच्या हाती मोठा संगणक वापरण्याची मुभा आली. ४ जुलै १९७१ रोजी त्याने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यात टंकून टाकला, सगळाच्या सगळा कॅपिटल अक्षरांत. यातूनच पुढे 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' हा नेटवरचा फुकट ग्रंथसंग्रह उभा राहिला. पुस्तक कॉपीराइटमधून सुटलेलं हवं, हा त्याचा नियम, त्यामुळे एकोणिसावं शतक आपसूकच पुढे आलं.

विसाव्या शतकाच्या दारात गाडी अडली ती १९९८ साली. न्यू हॅम्पशायरमध्ये एरिक एल्ड्रेड नावाचा निवृत्त प्रोग्रॅमर राहत होता. मुलींना हॉथॉर्न रुचेना, म्हणून त्याने १९९५ च्या सुमारास हॉथॉर्नची कादंबरी 'द स्कार्लेट लेटर' चित्रं आणि टिपांसह नेटवर मांडायला घेतलं. पुढचा बेत होता रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'न्यू हॅम्पशायर' या १९२३ च्या कवितासंग्रहाचा. तेव्हाच्या हिशेबाने तो १ जानेवारी १९९९ ला कॉपीराइटमधून मोकळा व्हायचा. पण अमेरिकी काँग्रेसने जुन्या पुस्तकांची ७५ वर्षांची मुदत ९५ वर केली. कायद्याला नाव दिलं गायक-खासदार सनी बोनोचं, लोक मात्र त्याला 'मिकी माऊस कायदा' म्हणू लागले, कारण मुदतवाढीसाठी जोर लावणाऱ्यांत डिस्ने होती. एल्ड्रेड कोर्टात गेला आणि जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ अशा मतांनी हरला.

त्यामुळे वीस वर्षं एकही नवं छापील पुस्तक मुदत संपून मोकळं झालं नाही. नेमकी हीच वर्षं नेट घराघरांत पोचण्याची होती. पंडित नेहरूंनी अखेरच्या दिवसांत टेबलावर ज्या ओळी लिहून ठेवल्या होत्या, ती फ्रॉस्टची बर्फाळ संध्याकाळची कविता याच संग्रहातली. ती अमेरिकेत मोकळी झाली १ जानेवारी २०१९ ला. फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' २०२१ मध्ये. गंमत अशी, की आपल्या कायद्यात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची. १९४० मध्ये गेलेल्या फिट्झजेराल्डचं पुस्तक भारतात कितीतरी आधीच मोकळं झालं होतं.

फुकट मिळालेला पाठ, म्हणजे पुस्तकाचा मजकूर, विश्वासू असेलच असं नाही, आणि याचा सर्वांत मोठा फटका कवयित्री एमिली डिकिन्सनला बसला. १८८६ मध्ये ती वारली तेव्हा सुमारे १,८०० कवितांपैकी जेमतेम दहा छापल्या गेल्या होत्या. मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन यांनी १८९० मध्ये पहिला संग्रह काढला, तोही ती ओळींत विरामचिन्हांसारख्या वापरायची त्या आडव्या रेघा (डॅश) पुसून, यमकं घासूनपुसून आणि वर शीर्षकं चिकटवून. मृत्यू बग्गी घेऊन येतो त्या प्रसिद्ध कवितेला 'द चॅरियट' असं नाव दिलं आणि तिचं चौथं कडवंच गाळलं. हस्तलिखितांनुसार पाठ आला तो १९५५ मध्ये, थॉमस जॉन्सनच्या संपादनात. त्याचा हक्क हार्वर्डकडे. परिणामी वर्षानुवर्षं नेटवर फिरली ती १८९० ची दुरुस्त डिकिन्सन. परीक्षेत तिच्या रेघांवर प्रश्न, आणि मुलांच्या मोबाइलवरच्या कवितेत रेघाच नाहीत! यावर खरा उतारा २०१३ मध्ये मिळाला: 'एमिली डिकिन्सन अर्काइव्ह'वर तिच्या हस्ताक्षरातली पानंच पाहता येतात. व्हिटमनचं काम त्याआधीच, १९९५ मध्ये सुरू झालं होतं. १८५५ मधल्या बारा कवितांचं 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' आवृत्तीगणिक कसं फुगत गेलं, हे 'वॉल्ट व्हिटमन अर्काइव्ह'वर शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. माझ्या मते कुठल्याही गाईडपेक्षा ही तुलना जास्त शिकवते.

गाईडांचा धंदा मात्र याच कायद्यावर पोसला गेला. कॉपीराइट लेखकाच्या शब्दांना असतो. कथानक आपल्या शब्दांत थोडक्यात सांगून त्यावर चर्चा करायला सहसा आडकाठी नसते. १९५८ मध्ये नेब्रास्कात निघालेल्या 'क्लिफ्सनोट्स'च्या पुस्तिका आणि १९९९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी थेट नेटवर आणलेलं 'स्पार्कनोट्स' यांना म्हणूनच थांबावं लागलं नाही. मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' १९४९ चं. आजच्या कायद्यानुसार अमेरिकेत ते मोकळं होईल १ जानेवारी २०४५ ला.