संगणकीय साथरचना

सॉफ्टवेअरच्या मदतीने कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) मालिका, बेसलाइन (खालच्या, खर्ज स्वरांची ओळ) आणि ड्रमचा ठेका रचण्याची पद्धत. यात तयार होतो तो बहुधा ध्वनी नसतो, वादनाच्या सूचना असतात : कोणता स्वर, कधी, किती वेळ, किती जोरात. वाद्ये व संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ मध्ये आलेल्या मिडी मानकाने या सूचना आकड्यांत बसवल्या. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक मिळाले. पियानोचा मधला सी हा स्वर ६० वर आहे.

स्वर आकड्यांत आले की कॉर्ड ही बेरीज होते. मूळ स्वरात ४ आणि ७ अर्धस्वर (लगतच्या दोन क्रमांकांतले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) मिळवले तर मेजर कॉर्ड, ३ आणि ७ मिळवले तर मायनर. सी मेजर म्हणजे ६०, ६४, ६७. पुढे एफ मेजर हवी असल्यास नुसत्या बेरजेने ६५, ६९, ७२ येतात आणि तिन्ही स्वर एकदम उडी मारतात. जाणते सॉफ्टवेअर ६०, ६५, ६९ निवडते : सी जागेवर राहतो, उरलेले दोन स्वर जेमतेम सरकतात.

ड्रमसाठी चार ठोक्यांच्या मापाची १६ घरे पाडतात. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या यंत्रातही अशीच १६ बटणे होती. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १, ५, ९, १३ या घरांत आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) ५ व १३ मध्ये टाकला की नाचाचा सरळ ठेका उभा राहतो. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तुसाँ यांनी २००५ मध्ये दाखवले, की ठरावीक घरांत ठरावीक आघात शक्य तितके समान अंतरावर वाटले, तर जगभरचे कितीतरी पारंपरिक ठेके आपोआप मिळतात. ८ घरांत ३ आघात वाटले की ३-३-२ हा क्यूबन संगीतातला ठेका येतो.

खरी कसोटी बेसची. त्याला कॉर्डचा स्वर आणि किकची वेळ एकाच वेळी सांभाळावी लागते. शिवाय कॉर्ड बदलण्याआधी पुढच्या मूळ स्वराची चाहूल द्यायची असते. सीवरून एफकडे जाताना आदला स्वर ई घेणे, ही त्यातली नेहमीची युक्ती. तिन्ही भाग सुटे सुटे रचणारी सॉफ्टवेअरे इथेच उघडी पडतात.

नियमांनी संगीत रचण्याचा प्रयत्न जुना आहे. लेजरन हिलर व लिओनार्ड आयझॅकसन यांनी १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक संगणकावर यादृच्छिक स्वर काढून, नियमात न बसणारे गाळत, तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना केली. १९९० च्या ‘बँड-इन-अ-बॉक्स’ने कॉर्डची नावे व शैली सांगताच साथ मिळण्याची सोय घरच्या संगणकावर आणली. अलीकडची न्यूरल जाळी असे नियम उदाहरणांतूनच शिकतात.

काटेकोर साथ यांत्रिक वाटते म्हणून अनेक प्रणालींत आघात किंचित पुढेमागे करणारे ‘ह्यूमनाइझ’ बटण असते. त्याचा उपयोग बेताचाच. निष्णात बेसवादक ठोक्याच्या मागे राहतो तेव्हा सातत्याने मागे राहतो. नुसत्या यादृच्छिक सरकण्याने वादन माणसाचे न वाटता कच्चे वाटते.