परागवाहक संवर्धनासाठी देणगी : नागपुरातील लहान व्यावसायिकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि करवजावटीची प्रक्रिया

काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहराची फुले उमलतात, तेव्हा संत्र्याच्या बागांमधून मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. कॉटन मार्केटमध्ये येणाऱ्या भोपळा, दोडका, कारले यांसारख्या वेलभाज्यांत तर नर आणि मादी फुले वेगवेगळी असल्यामुळे परागकण वाहून नेणारा कीटक आलाच नाही, तर फळच धरत नाही. त्यामुळे फळांचे अडते, संत्रा बर्फी तयार करणारे, रोपवाटिका चालवणारे यांचा धंदा या जिवांवर कमीअधिक प्रमाणात अवलंबून आहे. यांपैकी अनेकांना या परागवाहक कीटकांच्या संवर्धनासाठी काही द्यावेसे वाटते. मात्र देणगी कोणाला द्यावी, पावती कशी घ्यावी आणि आयकरात तिचा हिशेब कसा लागतो, याची नीट माहिती नसल्यामुळे रक्कम जाते आणि वजावट हुकते.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च केवळ ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच बंधनकारक आहे. इतवारीतील किराणा दुकान किंवा धरमपेठेतील बेकरी या चौकटीत येत नाही. त्यांची देणगी पूर्णपणे ऐच्छिक असते आणि तिचा विचार आयकर कायद्याच्या कलम ८०जी अन्वये, म्हणजे पात्र संस्थांना दिलेल्या देणगीची उत्पन्नातून वजावट देणाऱ्या कलमाप्रमाणे होतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असून त्यात ही तरतूद कलम १३३ मध्ये आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांना मात्र जुनेच कलम लागू राहते.

वजावट कोणाला मिळते, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत निर्णायक ठरतो. एकल मालकीच्या व्यवसायात मालक नव्या करप्रणालीत (कमी दर, पण बहुतेक वजावटी नसलेल्या) असेल, तर या देणगीवर वजावट मिळत नाही, आणि नवी प्रणाली आता आपोआप लागू होत असल्यामुळे जुनी हवी असणाऱ्या व्यावसायिकाने विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी तशी निवड नोंदवावी लागते. भागीदारी संस्था आणि मर्यादित दायित्व भागीदारी यांना ही अडचण नाही. त्यांना वजावट मिळते. कलम ४४एडी अन्वये अनुमानित उत्पन्न (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी काढलेले) दाखवणाऱ्या दुकानदारालाही, तो जुन्या प्रणालीत असल्यास, ती मिळू शकते. खासगी कंपनीने सवलतीचा २२ टक्के दर निवडला असेल, तर तिला मिळत नाही. शिवाय कंपनीची धर्मादाय देणगी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांहून अधिक होणार असल्यास सर्वसाधारण सभेची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

रकमेबाबत अपेक्षा माफक ठेवणे बरे. बहुतेक पर्यावरण संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेचीच वजावट मिळते आणि तीही समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या (एकूण उत्पन्नातून इतर वजावटी वगळून उरणाऱ्या रकमेच्या) १० टक्क्यांच्या मर्यादेत. समजा, जुन्या प्रणालीतील एखाद्या दुकानदाराचे उत्पन्न ६,००,००० रुपये आहे, इतर कोणतीही वजावट नाही आणि त्याने २०,००० रुपये दिले. वजावट १०,००० रुपयांची होईल आणि २० टक्के दराने, उपकर धरून, कर वाचेल तो २,०८० रुपये. त्यामुळे कर वाचवण्यासाठी म्हणून देणगी देणाऱ्याच्या पदरी निराशाच यायची. ज्याला द्यायचेच आहे त्याने हे पैसे सोडू नयेत, एवढाच या प्रक्रियेचा उपयोग.

संस्थेची निवड करताना दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासाव्यात. पहिली कागदोपत्री : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अन्वये धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदणी, आयकर विभागाचा ८०जी मान्यतेचा आदेश आणि त्या मान्यतेची मुदत. नियमित मान्यता ५ वर्षांसाठी व तात्पुरती ३ वर्षांसाठी असते, त्यामुळे जुन्या पावतीपुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये. आदेशाची प्रत मागावी व संस्थेचे नाव आयकर संकेतस्थळावर पडताळावे. दुसरी गोष्ट कामाची, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. मधपेट्या वाटणे म्हणजे परागवाहकांचे संवर्धन नव्हे. पेटीत बहुधा परदेशातून आलेली मेलिफेरा जातीची मधमाशी असते. ती मधउद्योगाला उपयुक्त आहे, पण गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या परिसरातील आग्या व फुलोरी या देशी मधमाश्यांची आणि मातीत घरटे करून एकट्या राहणाऱ्या माश्यांची सोय तिच्याने होत नाही. देशी फुलझाडांची लागवड, फवारणीबाबत शेतकऱ्यांचे प्रशिक्षण, इमारतीवरचे मोहोळ न जाळता हलवणे, फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती जपणे अशी कामे संस्थेच्या अहवालात दिसतात का, ते पाहावे. राज्याचे फुलपाखरू असलेल्या निलवंताच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात; संत्र्याच्या व्यापाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी, कारण २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास त्या देणगीवर वजावटच मिळत नाही. सोबत एक पत्र जोडावे आणि त्यात रक्कम ‘परागवाहक संवर्धनाच्या कामासाठी’ असल्याचे स्पष्ट लिहावे. रोपे, बियाणे, कुंड्या अशा वस्तू दिल्यास वजावट मिळत नाही, उलट करपात्र वस्तू फुकट दिल्यास त्यांच्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट) परत करावे लागते. रोपवाटिकाचालकांनी वस्तूऐवजी पैसे देणे अधिक सोयीचे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पावतीवरील नावात. एका ओळखीच्या दुकानदाराने दाखवलेल्या पावतीवर ठळक अक्षरांत दुकानाचे नाव होते, पॅनचा रकाना मात्र कोरा होता. एकल मालकीच्या दुकानाला स्वतंत्र पॅन नसतो. त्यामुळे पावती मालकाच्या नावाने आणि त्याच्याच पॅनसह हवी. भागीदारी संस्थेच्या खात्यातून रक्कम गेली असेल तर वजावट संस्थेला मिळते, भागीदाराला नाही. पावतीइतकेच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचे असते ते नमुना १०बीई हे प्रमाणपत्र. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचे विवरण आयकर विभागाकडे भरल्यानंतरच ते निघते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते देणगीदाराला देणे संस्थेवर बंधनकारक आहे. विवरणपत्रातील ८०जी परिशिष्टात संस्थेचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि देणगीचा संदर्भ क्रमांक या प्रमाणपत्रावरून भरावा.

उद्यानात किंवा लागवडीच्या जागी दुकानाचा फलक लागणार असेल, तर प्रकरण बदलते. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ११६/३५/२०१९ प्रमाणे, केवळ कृतज्ञतेपोटी देणगीदाराचे नाव लिहिले आणि त्यात व्यवसायाची जाहिरात नसली, तर संस्थेवर जीएसटी येत नाही. फलकावर दूरध्वनी क्रमांक, माल आणि ‘आमच्या शाखेस भेट द्या’ असे लिहिले, की ती प्रायोजकत्वाची रक्कम होते. ती व्यवसायाचा जाहिरातखर्च म्हणून दाखवता येते, पण ८०जी अन्वये नाही. दोन्हीकडे एकच रक्कम दाखवणे चूक आहे, त्यामुळे ती कोठे दाखवायची, हे लेखापालाला आधीच विचारून घ्यावे.

पावती, पत्राची प्रत, बँक विवरणातील नोंद, मान्यतेचा आदेश आणि १०बीई एकत्र एका फाईलमध्ये ठेवावे. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रमाणपत्र आले नाही, तर संस्थेकडे लेखी मागणी करावी. तोवर विवरणपत्र भरण्याची घाई करू नये.