गोव्यात लाईटिंगची वर्कशॉप्स कुठून आली

आज गोव्यात प्रकाशयोजनेचं वर्कशॉप लागलं की पोरं रजा टाकून येतात, पण माझ्या लहानपणी ही शिकायची गोष्ट आहे असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. लाईटवाला म्हणजे भाड्याचं सामान घेऊन येणारा आणि नाटक संपलं की पहाटे वायरी गुंडाळून जाणारा माणूस, त्याचं नाव हँडबिलावर आलं तर आलं.

मुळात आपल्याकडचं नाटक देवळासमोरचं. जत्रा, काला, उत्सव, आणि उजेड म्हणजे दिवट्या, समया, पुढे गॅसबत्त्या. त्यातही डोकं होतंच. राक्षस एंट्री घेणार तेव्हा मशालीवर राळ फेकायची, भपकन जाळ उठायचा आणि त्यात तो तोंड रंगवलेला गडी दिसायचा, आजच्या भाषेत तो चक्क लाईट क्यू आहे, म्हणजे ठरल्या क्षणी उजेड बदलायचा इशारा, टायमिंग चुकलं तर एंट्री गेली. गॅसबत्तीचं वेगळं. ती कमी-जास्त करता येत नाही, हवा कमी झाली की चालू प्रवेशात कुणीतरी येऊन पंप मारणार, आणि मंचावर रात्र असो की दुपार, उजेड एकच. मग रात्र झाली हे सांगायचं कुणी? नटानं. जुन्या संगीत नाटकांच्या पदांत चांदणं, पहाट, अंधार इतका का येतो याचं एक कारण मला हेच वाटतं, जे दिव्याला जमत नव्हतं ते गळ्यानं केलं.

बाहेर तोवर बरंच पुढे गेलं होतं. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्येच विजेच्या दिव्यांनी उजळलं. स्वित्झर्लंडचा नेपथ्यकार आपिया म्हणू लागला की उजेड नुसता दाखवण्यासाठी नसतो, संगीतासारखा तो नाटकाचा भाग असतो. आणि अमेरिकेत येल विद्यापीठात मॅककँडलेस हा विषय वर्गात शिकवायला लागला, १९३२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याची पद्धत साधी: मंचाचे भाग पाडा, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी साधारण ४५ अंशातून दिवे टाका, एक उबदार रंगाचा, एक थंड. आजही कुठल्याही वर्कशॉपचा पहिला दिवस यातच जातो.

आपल्या गावोगावी वीज पोचली ती बहुतेक मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतर. मग हौशी मंडळींची धडपड सुरू झाली, ती मला सगळ्यात जास्त आवडते. डब्याचे पत्रे कापून स्पॉट बनवायचे, पुढे जिलेटिन पेपर लावायचा, आणि डिमर, म्हणजे दिवा कमी-जास्त करायचं साधन, तर ते मिठाचं पाणी! बरणीत मिठाचं पाणी, एक पट्टी तळाशी, दुसरी वरून दोरीनं खाली सोडायची, पट्ट्या जवळ आल्या की करंट जास्त आणि दिवा प्रखर, वर ओढली की मंद. पाणी तापायचं, वाफ यायची, आणि त्यात २३० व्होल्ट खेळत असायचे. हे शिकवणारं कुणी नव्हतं. थोरल्याच्या शेजारी उभं राहायचं आणि बघायचं, शॉक बसला की धडा पक्का. कितीतरी गुणी माणसं अशी तयार झाली, पण त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबरच गेलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण कुणी लिहूनच ठेवलं नाही.

कोलकात्यात तापस सेन यांनी १९५९ मध्ये ‘अंगार’ नाटकात खाणीत पाणी भरतानाचा प्रसंग उजेडानं उभा केला आणि हे काम कलेचं आहे असं देशभर बोललं जाऊ लागलं. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं, तिथे प्रकाशयोजना हा विषयच होता. तिथून शिकलेली माणसं पुढे राज्याराज्यांत शिबिरं घ्यायला जाऊ लागली.

गोव्यात खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, पुढे कांपालला चार्ल्स कोरियांनी केलेली इमारत उभी राहिली, मास्टर दीनानाथांच्या नावाचं प्रेक्षागृह, आणि वर दिवे टांगायचे दांडे, डिमर, कंट्रोल रूम असं सगळं एका जागी मिळालं. मग फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळीची रवींद्र भवनं. सामान आलं, तर ते वापरणारा हवा. आणि दुसरं म्हणजे नाट्यस्पर्धा. प्रकाशयोजनेलाही बक्षीस म्हटल्यावर परीक्षक विचारू लागले की निळा का, आणि नुसतं ‘छान दिसतं’ हे उत्तर पुरेना. शिकायची गरज तिथून पडली असं मला वाटतं.

पुढे दिवे चालवायचा कॉम्प्युटर बोर्ड, १९८६ चं डीएमएक्स, म्हणजे बोर्डावरून दिव्यांना हुकूम पोचवायची पद्धत, एका केबलवर ५१२ चॅनल, मग एलईडी. यानं वर्कशॉपचा तोल थोडा बिघडला हे मी मनापासून सांगतो. दोन दिवसांतला दीड दिवस बटणांवर जातो. हॅलोजन मंद केला की तांबूस होत जातो, सूर्यास्त त्याच्या अंगातच असतो, एलईडी मंद केला तरी रंग तोच राहतो, तो तुम्हालाच बदलावा लागतो, हे डोळ्यांनी बघायला वेळ लागतो. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत दिवे अडकवायचे क्लॅम्प गंजतात, सेफ्टी चेन लावलीय का ते शिडीवर चढून बघायचं असतं, ते पण शिक्षणच.

मी बघितलेल्या वर्कशॉपांतलं सगळ्यात चांगलं होतं त्यात पहिले तीन तास बोर्ड बंद होता. ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे नाटकाच्या काळ्या रिकाम्या खोलीत, एक खुर्ची, एक माणूस, एकच स्पॉट, आणि प्रत्येकानं तो हातात धरून खुर्चीभोवती फिरायचं, समोरून, बाजूनं, मागून, खालून. खालून धरला तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, हा तर आमच्या जत्रेतला राक्षस.