मैलापाणी वेगळं, मोरीचं पाणी वेगळं

क्रूझ जहाजांच्या प्रदूषणाची मराठी बातमी उघडली की माझं लक्ष आधी एका शब्दाकडे जातं: सांडपाणी. संडासातलं ते सांडपाणी आणि आंघोळीचं तेही सांडपाणीच. मग पुढच्या ओळीत ‘आंतरराष्ट्रीय नियमानुसार बारा मैलांच्या आत सांडपाणी सोडता येत नाही’ असं ठोकून दिलेलं असतं. हे विधान अर्धंच खरं आहे.

जहाजावर यांना अनुक्रमे ब्लॅक वॉटर आणि ग्रे वॉटर म्हणतात. त्याचं ‘काळं पाणी’ करणाऱ्यांना माझा नमस्कार. वाचकाला थेट अंदमान आठवतं. आपल्याकडे मैलापाणी आणि मोरीचं पाणी हे सरळ शब्द असताना ही कसरत कशाला?

मैलापाणी म्हणजे संडास-मुताऱ्यांचं पाणी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जहाजावरच्या दवाखान्यातल्या बेसिनांचं पाणीही यातच धरतात. जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय ‘मार्पोल’ कराराचं चौथं परिशिष्ट यासाठी आहे आणि ते 2003 पासून लागू आहे. कच्चं मैलापाणी किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर, जहाज किमान 4 नॉट (ताशी 4 सागरी मैल) वेगाने चालत असताना हळूहळू सोडता येतं. बारीक करून निर्जंतुक केलेलं असेल तर 3 मैलांपलीकडे चालतं. मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्रणेतून आलेलं असेल तर त्याहून जवळही. ‘जहाजं चोरून मैला सोडतात’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की खोल समुद्रात तो सोडायला चोरी करावीच लागत नाही. प्रवासी जहाजांपुरता बाल्टिक समुद्र मात्र अपवाद आहे, तिथे नियम बराच कडक आहे.

खरी गोची मोरीच्या पाण्याची आहे. शॉवर, बेसिन, भटारखाना आणि लॉन्ड्री यांचं हे पाणी. चौथ्या परिशिष्टात ते एकटं असेल तर मोजलंच जात नाही. पाचवं परिशिष्ट कचऱ्याचं, पण तिथेही ते कचरा म्हणून धरलेलं नाही. म्हणजे बारा मैल नाहीत, तीन मैल नाहीत. किनाऱ्यावरच्या देशाचा स्वतःचा कायदा आड येत नसेल, तर करारातलं कुठलंही अंतर या पाण्याला अडवत नाही.

हे फारसं कुणाला खटकत नाही, कारण मोरीचं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घराचं परस येतं. पाट काढून अळवाला नाहीतर केळीला सोडलेलं पाणी, त्यात थोडा साबण आणि चार शितं. ते निरुपद्रवीच असतं, माझी काही तक्रार नाही. पण हजारो माणसांच्या तरंगत्या हॉटेलाचं पाणी परसातलं नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2008 च्या अहवालात मोठ्या क्रूझ जहाजाची रोजची सरासरी दिली आहे: मैलापाणी सुमारे 80 हजार लिटर आणि मोरीचं पाणी सुमारे 6 लाख 40 हजार लिटर. आठपट! जहाजावरचे संडास हवेच्या ओढीवर चालतात, एका वेळी लिटरभर पाण्यात काम भागतं. शॉवरला अशी काटकसर कुठली?

बरं, पाणी जास्त असलं तरी स्वच्छ असेल म्हणावं, तर तेही नाही. 2000 साली अलास्कात जहाजांवरच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा मोरीच्या पाण्यातही विष्ठेतले जिवाणू मैलापाण्याच्या तोडीस तोड निघाले. भटारखान्यातलं तेलतूप, अन्नाचे कण, मळकट चादरी धुतलेलं पाणी हे सगळं टाकीत साठून राहिलं की जिवाणूंना आयतं घर मिळतं. त्याच वर्षी अमेरिकेने अलास्कापुरता कायदा करून दोन्ही पाण्यांना मोठ्या क्रूझ जहाजांवर वेसण घातली. कॅनडाने 2023 मध्ये किनाऱ्यापासून 3 मैलांच्या आत दोन्ही सोडायला बंदी केली.

एक बारकावा हटकून निसटतो. मोरीचं पाणी मैलापाण्यात मिसळलं की कराराच्या व्याख्येनुसार ते सगळंच मैलापाणी होतं. सोवळ्याला ओवळं लागावं तसं. त्यामुळे कुठल्या टाकीचा पाइप कुठल्या टाकीत जातो, यावर कायदा लागू होणार की नाही हे ठरतं.

इंजिनखोलीच्या तळाशी साचणारं बिल्ज हे तिसरं पाणी. तेलकट असल्याने त्याला पहिलं परिशिष्ट लागतं, आणि यंत्रातून काढून तेल दशलक्षात 15 भागांवर आणल्याशिवाय ते सोडता येत नाही. यात गोंधळायचं कारण नाही. पण प्रिन्सेस क्रूझेस कंपनीने 2016 मध्ये अमेरिकेत गुन्हे कबूल करून 4 कोटी डॉलर दंड मान्य केला, त्या प्रकरणात एक मासलेवाईक प्रकार होता. मोरीच्या पाण्याच्या टाक्या ओसंडून पाणी बिल्जमध्ये उतरायचं, तिथे तेलात मिसळायचं, आणि तेच पुन्हा मोरीच्या पाण्याच्या यंत्रणेत चढवून समुद्रात सोडलं जायचं.