वर्णद्वेषाचा सिनेमा आणि पुण्याचा प्रेक्षक : पार्श्वभूमी
परदेशातल्या वर्णद्वेषावरचा सिनेमा लागला की पुण्यातला प्रेक्षक हळहळतो, चिडतो, डोळे पुसत बाहेर येतो. त्याने त्याच्या वागण्यात काही फरक पडतो का, हा वाद जुना आहे. अमेरिकेकडे बघून आपल्या घरातलं ओळखण्याची रीत तर या शहरात सिनेमाच्याही आधीची. 1873 साली आलेलं जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केलेलं आहे.

सिनेमा मन फिरवतो याचा पहिला ठोस पुरावा मिळाला तो उलट्या दिशेने. 1915 च्या एका अमेरिकी मूकपटाने काळ्या माणसांना रानटी आणि त्यांना ठेचणाऱ्या टोळीला तारणहार ठरवलं होतं. 1930 नंतर इलिनॉयमधल्या एका लहान गावात तो शाळकरी मुलांना दाखवून आधीची आणि नंतरची मतं तपासली गेली. गावात काळी माणसं जवळजवळ नव्हतीच. तरी मुलांची मतं काळ्यांविरुद्ध झुकली, आणि पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही तो परिणाम बराचसा टिकून होता.

त्याच सुमाराला पुण्यात भेदभावावरच्या सिनेमाचा निकाल प्रेक्षकाआधी सेन्सॉरने लावला. 1932 चा गांधी-आंबेडकरांमधला पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झालेला. 1934 च्या जूनमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर आलेल्या महात्मा गांधींना मारण्यासाठी इथेच बॉम्ब टाकला गेला. कोल्हापूरहून नुकत्याच पुण्यात आलेल्या ‘प्रभात’ चित्रसंस्थेने 1935 मध्ये संत एकनाथांवर बोलपट काढला, नाव ठेवलं ‘महात्मा’. अस्पृश्याच्या घरी जेवायला बसणारे नाथ आणि त्यांच्यावर उठलेला धर्ममार्तंड, ही त्यातली गोष्ट. सेन्सॉरने हरकत घेतली. शेवटी काटछाट होऊन, नाव ‘धर्मात्मा’ करूनच तो लागला. पवित्र विषय राजकारणात ओढला जातो, असं म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, कारण शहर खरंच तापलेलं होतं. पण सोळाव्या शतकातल्या संताच्या पंगतीकडे बघताना प्रेक्षकाला आजची पंगत आठवेल, नेमकी हीच भीती त्या निर्णयामागे होती. नाव बदलून प्रेक्षकाला त्या गोष्टीपासून पुन्हा सुरक्षित अंतरावर नेऊन बसवलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. गोष्ट लांबची ठेवली की रडणं सोपं जातं.

पुढची दशकं इथे भराभर ओलांडतो. 2001 मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीभेद वंशभेदात धरायला भारत सरकारने विरोध केला. ऑगस्ट 2012 मध्ये हल्ल्यांच्या अफवांपायी ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार पुणे स्टेशनवर गर्दी करून गावी निघाले. 2013 च्या ‘फँड्री’ने शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावरच भिरकावला. तिथे हळहळून सुटका नव्हती. उलट 2019 मध्ये ऑस्कर मिळालेल्या ‘ग्रीन बुक’ या वर्णद्वेषावरच्या सिनेमावर अमेरिकेतच टीका झाली, की तो गोऱ्या प्रेक्षकाला फार लवकर दिलासा देतो.

आता परदेशी सिनेमा मोबाइलवर घरबसल्या दिसतो. खेळानंतरची चर्चा, ज्यात कुणीतरी उठून ‘आपल्याकडे काय?’ विचारायचं, ती त्यामुळे गळून पडते. आणि हा प्रश्न विचारायला हवाच, कारण आफ्रिकेतून शिकायला आलेला मुलगा फोनवर ठरलेली खोली बघायला प्रत्यक्ष दारात उभा राहिला की ‘कालच दिली’ म्हणणाऱ्या घरमालकानेही तोच सिनेमा पाहिलेला असू शकतो.